आधी नारिंगी

आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे चहा प्यालो. आमच्या वाडीच्या विहाराच्या मागच्या खोलीत, जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून. थर्मासला झाकण एकच. आधी ती प्याली, मग मी.

"साखर जास्त झाली," ती म्हणाली.

"घातली कोणी?"

"मी घातली म्हणून काय झालं? तुम्ही सांगायचं नाय?"

एवढंच. शेवटचं म्हणून काही मोठं बोलायला हवं होतं असं लोकांना वाटतं. मला नाही वाटत. आम्ही असंच बोलायचो.

त्या खोलीत वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाने पोरांसाठी अभ्यासिका काढायची ठरवली होती. कुठल्या तरी हापिसातून सहा जुने कॉम्प्युटर त्यांनी मिळवून पाठवले होते. ते एकमेकांना जोडायचे होते. ते काम आम्हा नवराबायकोचं. भिंतीला भोकं पाडणं, पट्टी ठोकणं, वायर ओढणं माझ्याकडे, आणि वायरींची टोकं करणं तिच्याकडे. सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या पेटीकडची टोकं तिने त्या सकाळी केली. टेबलांकडची टोकं भिंतीतून तशीच लोंबत होती. ती म्हणाली, "जेवून येऊ, मंग ही करते."

घराकडची घाटी चढताना ती एका गडग्याच्या दगडांवर बसली. "जरा थांबा ओ," म्हणाली. पुन्हा उठली नाही. रिक्षा, दवाखाना, डॉक्टरचं मान हलवणं, सगळं झालं. दिवस मावळायच्या आत आम्ही स्मशानातून परतसुद्धा आलो.

स्मशानात मंडळाच्या गावाकडच्या सेक्रेटरीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. माणूस चांगला. म्हणाला, "अण्णा, विहारातल्या वायरींची चिंता करू नका. काकी होत्या तोवर ठीक. आता अर्धं काम कोण हातात घेणार? ते सगळं काढून टाकू. मुंबईहून माणूस येईल, नव्याने करील."

समोर ती जळत होती आणि माझ्या कानात "काढून टाकू" एवढंच राहिलं. तिच्या हातचं शेवटचं काम भिंतीत राहणार की भंगारात जाणार, एवढाच प्रश्न तेव्हा मला होता. लोक रडत होते. मी वायरी मोजत होतो.

मी चौथी शिकलेला माणूस. उभ्या उभ्या लिहितोय, कारण बसवत नाही. बसलो की वाटतं, कुठलं तरी काम अर्धं टाकून आलोय. म्हणून जसं आठवेल तसं सांगतो.

तिच्यासारखी हट्टी बाई मी पाहिली नाही, आणि मी काही कमी बायका पाहिल्या नाहीत, आम्ही पाच भाऊ, घरात पाच सुना. ती सातवी शिकलेली. अठ्ठ्याण्णव साली रत्नागिरीत मारुती मंदिराकडे कॉम्प्युटरचा क्लास निघाला, तिथे ती झाडलोटीला लागली. तेव्हा कॉम्प्युटर एका काळ्या जाड वायरीला ओळीने जोडलेले असायचे, आणि वायरीच्या दोन्ही टोकांना एकेक लोखंडी टोपी. एकदा झाडताना झाडू अडकला आणि त्यातली एक टोपी निघाली. सगळे कॉम्प्युटर मुके झाले. पोरं ओरडायला लागली. क्लासचे सर होते कोल्हापूरकडचे. रागावले नाहीत. टोपी हातात घेऊन तिला सांगत बसले, की टोक मोकळं राहिलं तर आतली बोलणी भिंतीवर आपटून परत येतात आणि सगळ्यांचा गोंधळ होतो.

त्या दिवशी ती घरी आली ती तशीच दारात बसली. मला वाटलं, कामावरून काढलं. जेवताना म्हणाली, "एवढीशी टोपी ओ. बोटाच्या पेरायेवढी. आणि सगळ्यांची वाचा गेली."

तिथून तिचं डोकं फिरलं ते फिरलंच.

पुढे त्या काळ्या वायरी गेल्या आणि आठ बारीक तारांची वायर आली. आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ. टोकाला बिनरंगी प्लास्टिकची खुंटी, तिच्यात आठही तारा ठरल्या क्रमाने घालायच्या आणि पकडीने दाबायच्या. सरांना चष्म्यातूनही नीट दिसेना. त्यांनी हिला शिकवलं. मी तेव्हा घरांचं लाइटचं काम करायचो. कामं कमी झाली तसा मी हिच्या हाताखाली गेलो. हो, हाताखालीच. लोक हसायचे. हसू देत.

क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मला झोपेत विचारा. भाकरी थापताना म्हणायची, कपडे धुताना म्हणायची. नातेवाइकांना वाटायचं, बाईने कुणाकडून मंत्र घेतला.

मी तिला विचारलं, "हा क्रम ठरवला कोणी?"

"तिकडं अमेरिकेत लोकांनी बसून ठरवला, सर म्हणाले."

"अमेरिकेतल्या माणसाचं रत्नागिरीत काय काम? दोन्ही टोकं सारखी केली की झालं. कुठला का रंग असेना."

"एसटीची वेळ कोण ठरवतो, तुम्हाला ठाऊक हाय? तरी स्टँडवर जाऊन उभे राहताच ना?"

"ती तरी वेळेवर कुठं येते!"

"म्हणून तर हितं तरी पाळायची."

असं होतं. तिच्याशी वाद घालून मी कधी पुढे गेलो नाही. नुसता दमलो.

टोकं मला का करता येत नाहीत, तेही सांगून टाकतो. मला रंग दिसत नाहीत. म्हणजे निळा दिसतो, पिवळा दिसतो. नारिंगी, हिरवा आणि तपकिरी हे तिघे मला एका तोंडाचे भाऊ. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिला हौसेने हिरवी साडी आणली. तिने घडी मोडली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा साडीकडे बघितलं. "छान हाय," म्हणाली. साडी मातकट तपकिरी होती. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यापुढे चार मिरच्या ठेवल्या, दोन लाल आणि दोन हिरव्या, आणि म्हणाली, "निवडा." मी निवडल्या. मग जी हसली ती, बाप रे. पण बाहेर कुणाला बोलली नाही. वायरमनला रंग दिसत नाहीत हे गावाला कळलं असतं तर चूल बंद झाली असती. लाइटच्या कामात मी टेस्टर लावून भागवायचो. ह्या बारीक तारांना टेस्टर कसला लावता?

म्हणून टोकं तिची.

तिचे वेड्यासारखे नियम होते. लाइटच्या वायरीला तिची वायर चिकटलेली चालायची नाही. हातभर लांब. "ती मोठ्यानं बोलते, हिला ऐकू येतं," म्हणायची. टोक करताना पीळ नखापेक्षा जास्त सोडायचा नाही. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर. घरातसुद्धा तेच. कपडे वाळत घालायच्या दोरीला दोन्ही टोकांना नंबर! माझा भाऊ म्हणाला, "वहिनी, दोरी हरवणार हाय काय?" ती म्हणाली, "दोरी नाय भावजी, तुम्ही हरवाल. उद्या ती कुठं बांधायची ते तुम्हाला कोण सांगल?" भाऊ उठूनच गेला. जाऊबाई आठवडाभर बोलली नाही. हिला पत्ता नाही.

आणि शंभर मीटर. शंभर मीटरच्या पुढे वायर न्यायची नाही म्हणजे नाही. टेपवर तिचा भरवसा नव्हता. "चिखलात टेप खोटं बोलतो." तिने एक जुनी सुती साडी ठेवली होती, नीट मोजून कापलेली, साडेपाच मीटरची. ती अंथरत जायची. अठरा साड्या झाल्या की थांबायचं. आरे-वाऱ्याला एका लॉजवाल्याकडे काम होतं. हापिसापासून खाली किनाऱ्याजवळच्या खोल्यांपर्यंत वायर न्यायची. भर दुपारी मी एक पदर धरून पुढे, ती दुसरा पदर धरून मागे, आणि वारा असा की साडी शिडासारखी फुगायची. गिऱ्हाइकं खोल्यांतून बाहेर येऊन बघत होती. कुणी तरी विचारलं, "शूटिंग आहे का?" अठरा साड्या संपल्या तेव्हा आम्ही एका माडाशी होतो आणि खोल्या अजून पुढे.

"हितं पेटी बसवायला लागंल," ती म्हणाली. "तिला लाइट द्या. मंग पुढं नवीन वायर, पुन्हा अठरा साड्या."

लॉजवाला भडकला. "अहो बाई, थोडंसं तर अंतर आहे! वायर काय दमते?"

"दमते."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्ही माझ्या नवऱ्याला पळवून बघा. हापिसापासून हितंवर धावंल. पुढं धावंल, पण काय बोलतोय ते कळायचं नाय."

मी तिथेच उभा होतो. लॉजवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि माडाला पेटी लागली.

पण ती नेहमीच बरोबर असायची असं कुणी समजू नये. एकदा तिचं तिलाच जड गेलं. एका दवाखान्यात दोनच कॉम्प्युटर होते, मधे पेटी नको, सरळ एक दुसऱ्याला जोडायचा. सर म्हणाले, अशा वेळी एक टोक वेगळ्या क्रमाने करायचं. हिरवा आधी, नारिंगी नंतर. ती म्हणाली, चुकीचं टोक मी करणार नाय. सर म्हणाले, चुकीचं नाही हो, हाही क्रम मान्य आहे, दोन क्रम आहेत. पुस्तक काढून दाखवलं.

झालं. घरी आली ती डोक्याला फडकं बांधून पडली. भात करपला. "दोन बरोबर कसे असतील ओ?" दर थोड्या वेळाने तेच. "एक बरोबर असलं तर दुसरं चूक पायजे ना?" मी म्हटलं, "भात करपला, ते आधी बघ." ऐकतेय कोण! मला राग आला होता. बाईमाणसाने तारांपायी जेवण टाकावं, हे काय! पुढे कित्येक दिवस ती अशीच भिरभिरत होती. मग एका सकाळी भांडी घासता घासता म्हणाली, "दोन्ही बरोबर. पण एका घरात एकच." आणि उठून त्या दवाखान्यात जाऊन ती वायर करून आली. तिला दोन्हीकडे लाल पट्टी गुंडाळली, वेगळी आहे हे येणाऱ्याला कळावं म्हणून. लाल होती असं तीच म्हणाली.

ह्याच दुसऱ्या क्रमावरून तिचं मांडवीच्या एकाशी भांडण होतं. त्याला सगळे कुवेतवाला म्हणत. बरीच वर्षं कुवेतला एका कंपनीत हेच काम करून आला होता, आणि मांडवीला दुकान टाकलं होतं. तिकडे त्यांच्यात हिरवा आधी. शहरातली अर्धी कामं त्याच्याकडे, थोडी आमच्याकडे. कुठे त्याची वायर हिच्या हाताखाली आली की ही नाक मुरडायची. बाजारात भेटले की सुरू.

"काय वहिनी, अजून नारिंगीच?"

"तुमचा हिरवा वाळला का नाय अजून?"

"वहिनी, तुमचा नारिंगी आधी, आमचा हिरवा आधी. देणारा वर एकच ना?"

"वर असंल एकच. भिंतीत दोन घालाल तर रडाल."

तो मोठ्याने हसायचा. मासे घेता घेता ही मला म्हणायची, "माणूस वाईट नाय. हात सफाईचा हाय. पण हिरवा!" जसं काही तो दारू पितो.

एक आंब्याचा कॅनिंगवाला होता. त्याच्याकडे कुणी तरी आधी काम करून गेला होता. आम्हाला बोलावलं ते फक्त एक नवीन कॉम्प्युटर जोडायला. हिने पेटी उघडली आणि एकेक टोक उजेडात धरून बघायला लागली. त्या माणसाने तारा सरळ जोडीने लावल्या होत्या. नारिंगीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची, मग तपकिरीची. दिसायला किती नीट! दोन्ही टोकं सारखी. चालतही होतं. फक्त लांबच्या शेडमधला कॉम्प्युटर अडखळायचा. मालकाला वाटायचं, कॉम्प्युटरच खराब.

"चालतंय की गो," मी हळूच म्हटलं. मला घरी जायचं होतं, उकडत होतं.

"लंगडापण चालतो."

मग मालकाला समजावत बसली. हिरवा आणि त्याची पांढऱ्या पट्ट्याची बायको ही शेजारी बसत नाहीत. तिसऱ्या आणि सहाव्या जागेवर बसतात. मधे निळ्याची जोडी पाहुणी म्हणून बसते. "लांब बसले तरी पीळ एकाच जोडीचा पायजे. ह्यानं काय केलंय, तिसऱ्या जागी एका जोडीची बायको आणि सहाव्या जागी दुसऱ्या जोडीचा नवरा. मंग बोलणं कसं लागंल?"

मालक खो खो हसला. मी मान खाली घातली. तिने सगळी टोकं कापली आणि पुन्हा केली, मागितलेलं नसताना, फुकट, अंधार पडेपर्यंत. मी पायाने ते कापलेले तुकडे गोळा करत राहिलो. घरी येताना मी विचारलं, "तुला काय मिळालं?"

"मला काय मिळायचंय? उद्या तिथं कोण तरी तिसराच येईल. तो पेटी उघडंल. त्याला माझ्याकडं विचारायला यायला लागू नये."

"यायला लागलं तर काय झालं? चार पैसे मिळतील."

"आणि मी नसले तर?"

मी म्हटलं, "नसायला कुठं जात्येस? दापोलीला भावाकडं?" ती चालत राहिली.

आता पुढचं.

स्मशानातून आलो, दुसरी सकाळ उजाडली. घर माणसांनी भरलेलं. आमच्यात दुसऱ्या दिवशी स्मशानात जाऊन राख भरतात. भाऊ म्हणाला, उन्हं वर यायच्या आत निघू. मी हो म्हटलं, न्हाणीघराकडे गेलो, तिची कामाची पिशवी घेतली आणि मागच्या दाराने विहारात गेलो. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर धरून बसवलं असतं.

खोलीत जमिनीवर बसलो. पहिली वायर सोलली. आठ तारा बाहेर आल्या. निळ्याची जोडी माझी. बाकीच्या तीन जोड्या, सगळा चिखल. उजेडात नेऊन बघितल्या, डोळ्यांजवळ नेऊन बघितल्या. तोंडात क्रम बरोबर, हातात काही नाही. अंदाजाने एक टोक दाबलं. कॉम्प्युटर लावला, पेटीवरचा दिवा पेटला नाही. कापलं. दुसरं दाबलं, तेही कापलं. तिने वायर बेताची ठेवली होती. असंच कापत राहिलो असतो तर टेबलापर्यंत पोचली नसती, आणि मग सेक्रेटरीचंच खरं झालं असतं.

दारात सावली आली. कुवेतवाला. घरी भेटायला गेला होता, तिथे मी नाही. वाट विचारत आला असेल. चपला बाहेर काढल्या, आत आला, माझ्या समोर उकिडवा बसला. अल्ला, नशीब, धीर धरा, असलं काही बोलला नाही. लोंबणाऱ्या वायरी बघितल्या, कापलेले तुकडे बघितले, पेटी उघडून बघितली.

"पेटीकडची वहिनींची?"

"हो."

"म्हणजे नारिंगी आधी," तो म्हणाला.

"मला रंग दिसत नाहीत," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा परक्याला सांगितलं. "तुझी पद्धत लावशील तर हात लावू नकोस."

"पेटीकडे एक आणि इकडे दुसरं असं कोण करेल अण्णा? मी काय वेडा आहे?"

त्याने पकड घेतली. हात खरंच सफाईचा. पण पहिल्याच टोकाला थांबला, तोंडातल्या तोंडात शिवी दिली, तारा मोकळ्या केल्या. "हात सवयीने हिरव्याकडे जातोय. तुम्ही बोला. मी लावतो."

मग मी बोललो. डोळे भिंतीकडे. एकेक रंग, सावकाश. तो एकेक तार सरळ करायचा, "हं" म्हणायचा, मी पुढचा सांगायचो. दाबलं. कॉम्प्युटरला लावलं. तो पेटीकडे जाऊन वाकला.

"पेटला?"

"पेटला, अण्णा."

दुसरं केलं. तिसऱ्याला मी त्याला थांबवलं, पीळ जास्त सोडला होता. "काप," म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं. कापलं.

तेवढ्यात सेक्रेटरी आला, मागोमाग माझा भाऊ. सेक्रेटरी म्हणाला, "अण्णा, हे काय? तुम्हाला सांगितलं ना, आपण सगळं काढून..."

"काढून बघ," मी म्हटलं.

तो पेटीजवळ गेला. दिवे लुकलुकत होते. कुवेतवाला त्याला म्हणाला, "साहेब, ह्यात काढण्यासारखं काय आहे? कोणालाही बोलवा, कुठलाही माणूस ही पेटी उघडून पुढचं काम करील." सेक्रेटरीने एक वायर हातात घेतली, तिच्यावरचा नंबर बघितला, परत ठेवली. "मग राहू दे," म्हणाला. "आहे ते राहू दे."

भाऊ दारातूनच ओरडला, "अरे, लोक खोळंबलेत! राख गार होऊन गेली. चल आधी."

मी म्हटलं, "त्यांना सांग, थांबा. अजून थोडी टोकं राहिलीत. ती झाली की येतो."

भाऊ उभाच राहिला. मी कुवेतवाल्याला म्हटलं, "हं. घे पुढची."